दिवाळीच्या सुट्टीत सिसिली

इटलीला जायचा विचार आहे असं सांगितलं की लोक आधी पिसाच्या कललेल्या मनोऱ्याबद्दल विचारतात, मग व्हेनिसच्या होड्यांबद्दल आणि मग खर्चाबद्दल. आमच्या यादीत पिसा नाही आणि व्हेनिसही नाही. रोमला दोन रात्री, नेपल्सला एक, आणि उरलेले आठ दिवस सिसिली. हे ऐकलं की समोरचा थोडा थांबतो आणि म्हणतो, ‘म्हणजे माफिया?’

आम्ही रत्नागिरीचे. घरात चार माणसं. आमच्यातली एक उर्दू माध्यमाच्या हायस्कुलात इतिहास-भूगोल शिकवते, दुसरा पतसंस्थेत खातेवह्या तपासतो. तिसरी, नऊ वर्षांची, इंग्रजी माध्यमात चौथीत आहे. चौथे अब्बा. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे, उर्दूचेच निवृत्त शिक्षक. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं वंगण संपलं आहे असं डॉक्टर म्हणतात. शस्त्रक्रियेला ते तयार नाहीत. म्हणून हा बेत पुढच्या वर्षावर टाकता येत नाही. दिवाळीची सुट्टी आम्हां शिक्षकांना कायम इथंच, शरदाच्या शेवटाला मिळते. 2026 चं लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे, म्हणजे इटलीतला पानगळीचा मोसम.

सिसिली का, याचं उत्तर अब्बांकडे आहे. 1908 साली युरोपातलं शिक्षण संपवून इक्बाल जहाजानं हिंदुस्थानात परत येत होते. वाटेत त्यांना सिसिली दिसली आणि त्यांनी त्या बेटावर एक नज्म लिहिली. ती ‘बांग-ए-दरा’त आहे. सादीनं बगदादसाठी आसवं गाळली, दागनं दिल्लीसाठी, तसं आता सिसिलीसाठी रडणं आपल्या वाट्याला आलं, असा तिचा भाव. अब्बांनी ती वर्गात किती वेळा म्हटली असेल याची मोजदाद नाही. ती म्हणताना त्यांचा आवाज बदलतो हे त्यांचे जुने विद्यार्थी अजूनही सांगतात. शिवाय अब्बांचे वडील पी अँड ओच्या बोटींवर खलाशी होते. आपल्या कोकणपट्टीतली किती माणसं त्या बोटींवर होती, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. मुंबई, एडन, सुएझ आणि मग मेसिनाची सामुद्रधुनी. तिथून रात्री एका डोंगराच्या तोंडातून विस्तव उडताना दिसतो असं दादा घरी येऊन सांगायचे, आणि गावात कुणी विश्वास ठेवत नसे. तो स्ट्रॉम्बोलीचा ज्वालामुखी असणार.

अब्बांचा हज झालेला आहे, हे लिहून टाकलेलं बरं. कारण आमच्या मोहल्ल्यात पहिली हरकत तीच आली. एवढे पैसे आहेत तर उमरा करा, तिकडं ख्रिस्ती मुलखात जाऊन काय बघणार? अब्बांनी एकदाच उत्तर दिलं, ‘अल्लाहचं घर बघून आलो. आता त्याची जमीन बघतो.’ त्यानंतर त्यांच्यासमोर कुणी विषय काढला नाही. आमच्यासमोर मात्र काढतात.

पण आमचा आणि अब्बांचा या सफरीवरून खरा वाद वेगळाच आहे. अब्बांना तिथं जाऊन हळहळायचं आहे. 827 साली मुसलमान फौज माझारा देल व्हाल्लोला उतरली, 831 मध्ये पालेर्मो पडलं, 1061 पासून नॉर्मन लोक बेट घेत सुटले आणि 1091 मध्ये शेवटचं नोतो गेलं. हा हिशेब त्यांना पाठ आहे आणि प्रत्येक सनापाशी ते थोडे थांबतात. आम्ही म्हणतो, अब्बा, ते राज्य आपलं कधी होतं? तेव्हा आपले बापजादे कोकणात नारळ लावत होते. तिथल्या अमिराला रत्नागिरी कुठं आहे हेही ठाऊक नसणार. आणि दुसऱ्याच्या हळहळीचं गाव कसं दिसतं ते आपल्याला माहीत आहेच. ब्रह्मदेशाचा थिबा राजा 1885 साली पदच्युत झाला, पुढं इथं आणला गेला आणि 1916 साली इथंच वारला. 2012 मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष त्याच्या कबरीपाशी येऊन गेले. ते जिथं मान खाली घालून उभे राहिले, त्या रस्त्यानं आपण रोज भाजी घेऊन येतो. सिसिलीच्या माणसांनाही आपलं असंच वाटत नसेल का? यावर अब्बा म्हणतात, ‘म्हणून तर त्यांना सांगायला जायचं.’ वाद तिथंच आहे.

बी.एड.ला पाठाचं टाचण काढायला शिकवतात : उद्दिष्ट, साधनं, कृती, वेळ. त्याचा आम्हांला वर्गापेक्षा या सफरीत जास्त उपयोग झाला. साधनं दोनच ठरवली. लांबच्या पल्ल्याला आगगाडी आणि शेवटच्या चार दिवसांना भाड्याची मोटार. शहरातून शहरात जायला तिथल्या आगगाड्यांसारखी सोय नाही. रोम ते नेपल्स ताशी 300 किलोमीटरच्या गाडीनं जेमतेम सव्वा तास. पण ज्या गावांसाठी आम्ही चाललो आहोत तिथं फलाट गावापासून दूर, गाड्या थोड्या, आणि मध्ये अब्बांचे गुडघे.

नेपल्सहून पालेर्मोला विमानानं तासाभरात जाता येतं. आम्ही दिवसाची इंटरसिटी धरली आहे, नऊ-साडेनऊ तासांची. कारण ती गाडी समुद्र ओलांडते. व्हिला सान जोव्हानी स्टेशनला तिचे डबे सुटे करून जहाजाच्या पोटातल्या रुळांवर ढकलतात, आणि जहाज सगळ्या प्रवाशांसकट मेसिनाला नेऊन पुन्हा रुळावर लावतं. आपल्या कोकण रेल्वेवर 1999 पासून मालट्रक आगगाडीवर बसून जातात, तिथं आगगाडीच बोटीवर बसते. डब्यातून उतरून वर डेकवर जाता येतं. अब्बा तिथं उभे राहतील. दादा ज्या पाण्यातून आडवे गेले ते पाणी अब्बा उभं ओलांडतील. मेसिना शहर मात्र दादांनी पाहिलं ते नवं. इक्बाल गेले त्याच वर्षी, 28 डिसेंबर 1908 ला, भूकंपानं जुनं मेसिना जमीनदोस्त झालं होतं.

तिकिटांत एक पेच आहे. लवकर काढलेलं सवलतीचं तिकीट अर्ध्याहून स्वस्त मिळतं, पण परत होत नाही. आणि व्हिसा हातात नसताना परत न होणारं तिकीट काढायचं म्हणजे काळजी. आम्ही रोम-नेपल्सची तिकिटं स्वस्त काढायची ठरवली, बुडाली तर बुडाली. पालेर्मोची पूर्ण दराची काढायची, काही रक्कम कापून परत होणारी. लहान अंतराच्या प्रादेशिक गाड्यांना आधी तिकीट काढायची गरजच नसते, दर ठरलेला असतो. फक्त कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवायचा. तो नसेल तर तिकीट असूनही दंड. मोठ्या स्टेशनांवर चालायला त्रास असलेल्यांसाठी ‘साला ब्लू’ म्हणून मोफत मदतकक्ष असतो. चाकाची खुर्ची आणि डब्यात चढवायला माणूस मिळतो, फक्त आधी कळवावं लागतं. हे अब्बांना अजून सांगितलेलं नाही. चाकाची खुर्ची म्हटलं की ते सफरच रद्द करतील. इटालियन भाषेतला पहिला शब्द आम्ही ‘शोपेरो’ शिकलो, म्हणजे संप. रेल्वेचे संप तिथं वरचेवर होतात, पण बहुधा आगाऊ जाहीर करून. त्यातही सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ कामाच्या दिवशी काही गाड्या सोडाव्याच लागतात. आपल्या एस.टी.च्या संपात एवढी शिस्त असती तर!

पालेर्मोत चार रात्री, मोटारीशिवाय. शहराच्या जुन्या भागात ठरावीक वेळेत बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, तिला झेड टी एल म्हणतात. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाची चिठ्ठी काही महिन्यांनी गाडी भाड्यानं देणाऱ्या कंपनीमार्फत घरी येते. शिवाय पायी फिरण्यातच तिथली गंमत आहे. शहराचा मुख्य रस्ता लोकांच्या तोंडी ‘कास्सारो’, म्हणजे आपला कस्र, महाल. उर्दूत कस्र महालही आणि सफरीतली आखूड नमाजही. अक्षरं तीच. ‘कस्रवर चालत कस्र पढू,’ हा अब्बांचा या सफरीतला पहिला विनोद. समुद्राकडची वस्ती ‘काल्सा’, मूळची खालिसा. राजा दुसरा रॉजर नॉर्मन, म्हणजे जिंकणाऱ्यांपैकी. पण त्याच्या राजवाड्यातल्या प्रार्थनाघराचं लाकडी छत मुसलमान कारागिरांच्या मुकर्नस पद्धतीचं, आणि त्यावर कूफी लिपीतला मजकूर. त्याच्याच दरबारात अल्-इद्रीसीनं 1154 साली जगाचा भूगोल आणि नकाशे पूर्ण केले. त्या नकाशात दक्षिण वर आहे. वर्गात तो नकाशा दाखवला की मुलं आधी हसतात, मग एखादा विचारतो, ‘मॅडम, उत्तर वर असते हे कुणी ठरवलं?’ भूगोलाचा यापेक्षा चांगला प्रश्न आम्हांला ठाऊक नाही.

एका वस्तूसाठी मात्र आम्ही पालेर्मोतली अर्धी सकाळ मोकळी ठेवली आहे. ‘झिझा’ नावाचा वाडा आहे, मूळ शब्द अझीझ. त्यात 1149 चा एक कबरीचा दगड आहे. राजाच्या पदरी असलेल्या एका पाद्र्यानं आपल्या आईसाठी, अन्नासाठी, तो बसवला. मजकूर चार ठिकाणी कोरला आहे : लॅटिनमध्ये, ग्रीकमध्ये, अरबीत, आणि हिब्रू अक्षरांत लिहिलेल्या अरबीत. एक बाई वारली आणि ती बातमी गावातल्या प्रत्येकाला त्याच्या अक्षरांत सांगितली. आपल्या कब्रस्तानात नाव उर्दूत आणि मराठीत असलेले दगड आहेत. उर्दू ज्याला येत नाही तोही फातिहा पढायला येतो, म्हणून. अब्बा अरबी वाचतील. आमची चौथीतली लॅटिन अक्षरं लावेल, अर्थ कळो न कळो. मधे आम्ही दोघं.

तिला उर्दू बोलता येते, वाचताना अडते. हे इथं लिहायला हरकत नाही, कारण या अंकाच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी हेच आहे. पण सिसिलीच्या रस्त्यांच्या नकाशावर एक वेगळंच घडलं. संध्याकाळी जेवणाआधी ती गावांची नावं रोमन अक्षरांतून मोठ्यानं वाचायची आणि अब्बा ऐकून कागदावर उर्दूत उतरवायचे. फावारा. अब्बा म्हणाले, ‘फव्वारा!’ मिझिलमेरी. दोनदा म्हणायला लावलं, मग लिहिलं, मंझिल-उल-अमीर. काल्तानिसेत्ता, काल्ताबेलोत्ता, काल्ताजिरोने : यांतला ‘काल्ता’ म्हणजे आपला किल्ला, कलआ. जिबेल्लिना, त्यात जबल. एटना पर्वताचं जुनं नाव मोंजिबेल्लो. अर्धा लॅटिन डोंगर, अर्धा अरबी डोंगर, म्हणजे ‘डोंगरडोंगर’. ती त्यावर खूप हसली. अल्कान्तारा नदी, म्हणजे पूल. मार्सालाच्या नावात मरसा आहे, बंदर. पण जगात ते नाव दारूच्या बाटलीवर छापलं जातं. ‘नाव बंदराचं आहे, बाटलीचं नव्हे,’ हा अब्बांचा निर्वाळा. संत्र्याला इटालियन लोक ‘आरान्चा’ म्हणतात, तेही मूळचं नारंजच. आपलं नारिंग त्याच घरातलं. दोन महिन्यांत तिनं बासष्ट नावांची वही केली, उजवीकडून डावीकडे, स्वतःच्या हातानं. ‘काफ’ आणि ‘क़ाफ’मधला फरक आम्ही तिला दोन वर्षं सांगत होतो, तो किल्ल्यांनी शिकवला.

म्हणून मोटारीचा रस्ता त्या वहीवरूनच आखला. पालेर्मोहून त्रापानी, तिथून किनाऱ्यानं मिठागरं आणि त्यांतल्या पवनचक्क्या बघत माझारा, मग पूर्वेला अग्रिजेंतो आणि शेजारी फावारा, परतताना मिझिलमेरी. सगळं मिळून साधारण चारशे किलोमीटर, चार दिवसांत. त्यातला कुठलाही दिवस लांब नाही. नोव्हेंबरच्या मध्यात तिथं सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, म्हणून नियम केला : मगरिबच्या आत गाडी उभी. पावसाचाही तो महिना. पण 11 नोव्हेंबरच्या आसपास काही ऊबदार दिवस येतात अशी इटलीभर समजूत आहे, त्यांना ‘संत मार्टिनचा उन्हाळा’ म्हणतात. आम्ही त्याच भरवशावर एकच स्वेटर धरलं आहे.

गाडी आमच्यातली शिक्षिका चालवणार. आर.टी.ओ.तून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा लागतो, फी हजार रुपये, मुदत एक वर्ष. इटलीत आपला नुसता भारतीय परवाना चालत नाही. तिथं रस्त्याची उजवी बाजू, चाक डावीकडं. गिअर बदलायचा उजवा हात आणि नव्या बाजूचं भान, दोन्ही एकदम नको, म्हणून भाडं जास्त पडलं तरी ऑटोमॅटिकच. पेट्रोलला ‘बेंझिना’ म्हणतात आणि डिझेलला ‘गाझोलियो’. हा शब्द पाठ नसेल तर इंजिनाचा निकाल. पार्किंगला पांढऱ्या रेघा फुकट, निळ्या पैशाच्या, पिवळ्या आपल्या नव्हेत. पण सगळ्यात मोठा पेच निघाला क्रेडिट कार्डाचा. अनामत रक्कम चालकाच्या स्वतःच्या कार्डावरच अडकवतात, नवऱ्याचं चालत नाही. आमच्या घरात व्याजाच्या भीतीनं आजवर कार्डच नव्हतं. अब्बांनी दोन दिवस विचार केला आणि सांगितलं, मुदतीत पूर्ण भरलं तर व्याज लागत नाही, तेव्हा घ्या. पण आल्यावर कात्रीनं कापा. हा अब्बांचा फतवा. मुफ्तीसाहेबांना विचारायचं आम्ही टाळलं.

खाण्याची काळजी लोक करतात तेवढी नाही. मासे आहेत, आणि आपण रत्नागिरीकर. पालेर्मोत हरभऱ्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या पावात घालून गाडीवर मिळतात, ‘पानेल्ले’. म्हणजे वडापावाची चुलत बहीण. त्रापानीचा कुसकुस माशांच्या रश्श्यासोबत खातात. सावध राहायचं ते गोडात. ‘स्त्रुत्तो’ म्हणजे डुकराची चरबी, आणि तिकडची प्रसिद्ध कान्नोली पुष्कळदा त्यातच मळतात किंवा तळतात. विचारूनच खायची. आणखी एक गोष्ट आमच्या हातून थोडक्यात निसटते आहे. सिसिलीत 2 नोव्हेंबरला मृतांचा दिवस असतो. आदल्या रात्री घरातली वारलेली माणसं येऊन मुलांसाठी खाऊ ठेवतात अशी रीत आहे, साखरेच्या रंगीत बाहुल्या आणि बदामाच्या लगद्याची हुबेहूब फळं. शब-ए-बरातचा हलवा आणि कब्रस्तानातल्या मेणबत्त्या आठवणाऱ्याला हे परकं वाटू नये. आम्ही पोहोचू तेव्हा तो दिवस उलटलेला असेल. उरलेली फळं दुकानात असतील, अशी आशा.

माझाराला दोन रात्री ठेवल्या त्यावरून पुन्हा वाद झाला. अब्बांना फौज उतरली ती जागा बघायची आहे. आम्हांला बघायची आहे ती तिथल्या ‘कासबा’ची वस्ती. 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून समोरच्या ट्युनिशियातून मासेमारीच्या बोटींवर काम करायला माणसं आली आणि जुन्या अरबी गल्ल्यांतल्या ओस घरांत राहिली. त्या बोटींवर खलाशी कोण, तर अहमद आणि मोहम्मद. आपला मिरकरवाडा डोळ्यांसमोर आणा. 1980 च्या दशकात तिथं त्यांच्या मुलांसाठी अरबी माध्यमाची शाळा निघाली, ट्युनिशियाच्या अभ्यासक्रमाची, तिथल्याच शिक्षकांची. घरची भाषा सांभाळायची की ज्या मुलखात नोकरी करायची त्याची धरायची, हा प्रश्न त्या पालकांपुढं आला असणार. आमच्या शाळेत दर जूनमध्ये पटसंख्या मोजताना तोच प्रश्न बाकावर बसलेला असतो. त्या गल्लीत एखादा निवृत्त मास्तर भेटला तर इक्बालपेक्षा त्याच्याशी बोलायला आम्हांला आवडेल. अब्बा म्हणाले, ‘अरबी मला येते, तुम्हांला नाही. मीच बोलेन.’ म्हणजे दोन रात्री मान्य.

खर्च चौघांचा साडेसहा लाख धरला आहे, एक युरो शंभर रुपये या हिशेबानं. चार वर्षांची भिशी, एक मुदतठेव आणि अब्बांच्या पेन्शनमधला वाटा. व्हिसाची फी मोठ्यांना 90 युरो, मुलीला 45, आणि अर्ज नाकारला तरी ती परत नाही. तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा, बँकेचे उतारे, हॉटेलांची आरक्षणं, दिवसवार कार्यक्रम, नोकरीच्या ठिकाणचा ना-हरकत दाखला. दाखल्यासाठी सात फेऱ्या झाल्या. ‘इटलीला कशाला?’ हा प्रश्न तिथं चार टेबलांवर विचारला गेला, नियमात तो कुठंच नाही. मोहल्ल्यात एक चर्चा असतेच, की आपली नावं बघून अर्ज बाजूला पडतात. ज्यांचे बाजूला पडले ते सांगतात, ज्यांचे मंजूर झाले ते सांगत नाहीत, एवढंच आम्हांला अनुभवानं म्हणता येईल. तरीही रात्री झोप लागत नाही ती याच कलमावर. पैसे पुन्हा साठतील, गुडघे नाही.

अर्जासोबत सफरीचा हेतू एका पानात लिहायचा असतो. आम्ही ‘पर्यटन’ एवढाच शब्द लिहिला होता. अब्बांनी कागद परत मागितला आणि खाली एक ओळ घालायला लावली, की त्यांच्या वडिलांनी जहाजावरून पाहिलेलं बेट त्यांना जमिनीवरून पाहायचं आहे. इंग्रजी आम्ही केलं. अधिकारी ती ओळ वाचेल की नाही कुणास ठाऊक. मुंबईला बोटांचे ठसे द्यायची तारीख मिळाली आहे, सकाळी साडेनऊची. आदल्या रात्रीची कोकणकन्या धरली आहे, चार बर्थ, अब्बांना खालचा.